मोटार बंद केलीस का रे?

पहाटे पाचच्या सुमारास आमच्या नळाला पाणी सुटतं. ते आधी अंगणातल्या हौदात पडतं. हौद भरत आला की मोटार लावायची, मग पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. टाकी १००० लिटरची. ती भरली की बाजूच्या नळीतून धार सुटते आणि शेजारच्या घराच्या भिंतीवर जाऊन आदळते. त्यामुळे आमच्या घराची सकाळ कित्येक वर्षं एकाच प्रश्नाने सुरू व्हायची. देवापुढे फुलं वाहता वाहता आई विचारायची, ‘मोटार बंद केलीस का रे?’

एका श्रावणात मी केली नव्हती. परीक्षेच्या गडबडीत तसाच घराबाहेर पडलो. बायको मुलीची वेणी घालत होती, आईला वाटलं मी बंद केली असणार. दीड तास धार चालू होती. शेजारच्या काकांनी पंधरा दिवसांपूर्वीच ती भिंत रंगवून घेतली होती. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला फार लागलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका आयटीआयत शिल्प निदेशक आहे, वायरमन ट्रेड शिकवतो. बोर्ड कसा भरायचा, अर्थिंग कसं करायचं, जिन्याचं टू-वे वायरिंग कसं ओढायचं, हे २२ वर्षं मुलांना सांगत आलोय. ज्याच्या खिशाला रोज टेस्टर असतो त्याच्याच घरची मोटार कुणाच्या तरी आठवणीवर अवलंबून असावी, हे मनाला पटेना. त्या दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलो. या गोष्टीला आता सहा वर्षं होत आली. टाकीपासून सुरू झालेलं काम दिव्यांपर्यंत, फाटकापर्यंत आणि शेवटी आईच्या खोलीपर्यंत पोचलं आहे. हा छंद कुणालाही जमण्यासारखा आहे, म्हणून तो नीट सांगावासा वाटतो. कुठे चुकलो तेही सांगतो.

मुळात ‘आपोआप चालणारं घर’ ही कल्पना नवी नाही. फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक घ्या. पाणी वर येतं, तरंगता गोळा उचलला जातो, दांडी नळ बंद करते. पाण्याची पातळी ओळखणं, आता पुरे हे ठरवणं आणि नळ बंद करणं, ही तिन्ही कामं एक पितळी दांडी करते. फ्रीजचा आणि गीझरचा थर्मोस्टॅटही याच जातीचा. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७५ मध्ये एक्स-१० नावाची पद्धत काढली. तिच्यात घरातल्या विजेच्या तारांमधूनच दिव्यांना निरोप जायचे. एसी प्रवाह शून्यावर येतो, नेमक्या त्या क्षणी तारेवर बारीकसा संदेश सोडायचा, ही त्यातली युक्ती. वायरमनच्या वर्गात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आज फरक पडलाय तो किमतीने. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती लागली. बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर संगणकही आणि वाय-फायही. त्याआधी एखाद्या वस्तूला वाय-फाय जोडायचं तर नुसत्या जोडणीलाच हजारो रुपये लागत. आता या चिपचा अख्खा बोर्ड तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. पुण्यात पासोड्या विठोबापासून तापकीर गल्लीपर्यंत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ही दुकानं ओळीने आहेत. पुण्याला कामासाठी गेलो की परतीची गाडी पकडण्याआधी तासभर मी तिथेच असतो.

टाकीत पाणी किती आहे हे ओळखायला मी ध्वनीचा सेन्सर घेतला. तो टाकीच्या झाकणाला आतून बसतो आणि खाली ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो. आपल्या कानाला २० च्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. जाऊन येऊन एका सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद लागतात. लागलेल्या वेळाला ५८ ने भागलं की अंतर हातात. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे नऊ लिटरच्या वर पाणी. पाणी किती उरलंय हे त्यामुळे अंदाजाने नाही, आकड्याने कळू लागलं.

पहिला सेन्सर दोन गोल डोळ्यांचा, उघडा, स्वस्तातला घेतला होता. टाकीतल्या वाफेने पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या पिना हिरव्या पडल्या. दुसरा पाणबंद घेतला, अडीच मीटर वायरीचा, गाड्यांच्या मागच्या बंपरला लावतात तसा दिसणारा. त्याच्यात वेगळी खोच निघाली. अगदी जवळचं त्याला दिसत नाही. समोरचं अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत आलं की तो वाटेल तो आकडा सांगतो. म्हणजे टाकी काठोकाठ भरल्यावर, नेमकं त्याचं काम पडतं तेव्हाच, तो आंधळा. मग पीव्हीसी पाइपचा एक वीतभर तुकडा झाकणाला वर जोडला आणि सेन्सर त्याच्या टोकाला बसवला, की पाणी कितीही वर आलं तरी त्याच्यापासून लांब राहावं. पण पाइपच्या कडेवरूनच आवाज परतू लागला. जाड पाइप घेतल्यावर ते थांबलं. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. हवा तापली की ध्वनी जोरात पळतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० ला ३५५ च्या आसपास. मे महिन्यात दुपारी माझी टाकी तीन-चार सेंटिमीटरने जास्त भरलेली दिसायची, पाणी होतं तेवढंच. झाकणाखाली तापमानाचा एक छोटा सेन्सर जोडून तेवढी दुरुस्ती आकड्यात करून घेतली. या कामांत रविवारमागून रविवार गेले, आणि ते माझ्या आवडीचे रविवार होते.

एक सांगून ठेवतो. टाकी वाहू नये एवढंच पाहिजे असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. बाजारात तयार वॉटर लेव्हल कंट्रोलर मिळतो, तो बसवा आणि मोकळे व्हा.

आता मोटार. इथे जे झालं ते मी दरवर्षी नव्या तुकडीला सांगतो.

त्या चिपच्या बोर्डावरून मोटार चालवायला मी एक निळी रिले, म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण, वापरली. साखरेच्या खड्यांची डबी असते ना, तिच्याहून लहान. तिच्यावर छापलेलं असतं, १० अँपिअर, २५० व्होल्ट. माझी मोटार एक एचपीची. करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला तर चालती मोटार सहा अँपिअरच्या आसपास घेते. दहाची रिले, सहाचा भार. हिशेब बरोबर दिसतो. पण मोटार जागची हलताना पहिल्या क्षणाला पाच-सहापट करंट ओढते, म्हणजे तीसच्या घरात. आणि रिलेवरचे दहा अँपिअर हे शेगडी, बल्ब असल्या साध्या भाराचे असतात, मोटारीचे नव्हेत. हे मला ठाऊक होतं. तरी ‘तात्पुरती लावू, पुढच्या आठवड्यात बदलू’ म्हणून ती लावली आणि ती चालते आहे हे बघून तशीच राहिली.

दीड महिना चालली. मग एके सकाळी टाकी भरली, मोबाईलच्या पडद्यावर ‘मोटार बंद’ असं आलं, आणि अंगणातून मोटारीचा आवाज येतच होता. आईने नेहमीचा प्रश्न विचारला. मी पडद्याकडे बघत ‘झाली बंद’ म्हणालो. ती म्हणाली, ‘अरे, मग ती घरघर कसली?’

मेन बंद करून रिले काढली, टेबलावर घेतली आणि पात्याने तिची डबी उघडली. आत तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याने चांदीचा ठिपका. यांनाच आम्ही पॉइंट म्हणतो. दोन्ही ठिपके वितळून एकमेकांत बसले होते. कडेला काळा धूर धरलेला, मध्ये दवबिंदूसारखा गोठलेला धातू. नखाने ओढून पाहिलं, सुटेनात. बारीक पेचकस मध्ये घालून दाबल्यावर टक्क आवाज होऊन सुटले. एकावर खळगा राहिला, दुसऱ्यावर टेंगूळ. ती उघडी रिले मी जपून ठेवली आहे. भिंग घेऊन मुलांच्या हातात देतो.

पॉइंट चिकटणं ही तशी नेहमीची बाब, त्यावर उपाय ठरलेला आहे. रिलेने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे जड भाराच्या मोठ्या रिलेची, कॉइल चालवायची आणि मोटारीचा भार काँटॅक्टरने उचलायचा. ते त्याच आठवड्यात केलं. मला जास्त छळलं ते पडद्यावरच्या ‘बंद’ने. बोर्डाने रिलेला ‘बंद हो’ म्हणून सांगितलं होतं आणि सांगितलं तेच पडद्यावर लिहिलं होतं. मोटारीला कुणी विचारलंच नव्हतं. हुकूम सोडला म्हणजे काम झालं असं समजणारी यंत्रणा मी स्वतःच्या हाताने उभी केली होती. विकतच्या पुष्कळ वस्तूही असंच करतात, हे मला नंतर दिसत गेलं.

म्हणून मोटारीच्या फेजच्या वायरभोवती एक कडी बसवली. करंट ट्रान्सफॉर्मर म्हणतात तिला. वायर कापावी लागत नाही, नुसती कडीतून जाऊ द्यायची. मात्र एकच वायर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि कडी शून्य दाखवते. मुलं ही चूक हमखास करतात. आता पडद्यावर दोन ओळी आहेत. एक काय सांगितलं त्याची, एक खरोखर काय चाललंय त्याची. दोन्ही जुळल्या नाहीत की स्वयंपाकघरात बझर वाजतो आणि घरातलं जे कुणी जवळ असेल ते मोटारीचा एमसीबी हाताने पाडतं. त्या कडीचा आणखी एक फायदा झाला. हौद आटला आणि मोटार कोरडी फिरू लागली की तिचा भार हलका होतो, करंट घसरतो. तो घसरला की बोर्ड वीस सेकंदांत मोटार बंद करतो. आणि काहीही झालं तरी चाळीस मिनिटांच्या वर मोटार चालत नाही, कारण टाकी भरायला पंचवीस पुरतात.

हे सगळं ठरवतो तो मोटारीजवळचा बोर्ड. घरातला मोठा संगणक (त्याच्याविषयी पुढे येईलच) बंद असो, वाय-फाय गेलेलं असो, मोटारीचं अडत नाही; इंटरनेटची तर गोष्टच नको. गच्चीवरच्या सेन्सरची वायर थेट जिन्यातून खाली आणली आहे. पाण्यासारख्या गोष्टीचा निर्णय पाण्याच्या जवळच व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

हे मत बनलं ते दिव्यांमुळे. टाकीनंतर उत्साहाच्या भरात मी सहा स्मार्ट बल्ब आणले होते. मोबाईलवरून रंग बदलणारे. पहिल्या दिवशी मुलगी खूश. दुसऱ्या दिवशी आईने रात्री नेहमीप्रमाणे भिंतीवरची बटणं बंद केली. बटण बंद म्हणजे बल्बची वीजच गेली, मग मोबाईल काय करणार? मी बटणांवर चिकटपट्टी लावली. आईने ती दोन दिवसांनी काढली. ‘बटण बंद करायचं नाही तर बटण ठेवलंय कशाला?’ म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. दिवा विझवणं म्हणजे बटण दाबणं, हे तिच्या हाताला साठ वर्षं ठाऊक आहे. तिच्या हाताने नवं शिकावं असं मी का म्हणावं?

त्यात एका रात्री लाईट गेली आणि अडीच वाजता आली. हे बल्ब वीज परत आली की पूर्ण उजेडाने पेटतात, बनवणाऱ्याने तसंच ठरवून दिलेलं असतं. अख्खं घर एकदम लखलखलं. आई दचकून उठून बसली, तिला वाटलं काही अघटित झालं. ही सवय बदलायची सोय सेटिंगमध्ये असते, ती त्या दिवशी शोधली. पुढच्याच महिन्यात रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली आणि तीन दिवस बल्ब मोबाईलचं ऐकेनात. मोबाईल आणि बल्ब एकाच खोलीत, चार हातांवर, पण निरोप आधी परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरला जाऊन यायचा. माझ्या घरातला दिवा लावायची परवानगी समुद्रापलीकडे, हे मला कसंसंच झालं.

ते बल्ब काढले. साधे एलईडी परत लावले आणि भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डात, बटणाच्या मागे, छोटे रिलेचे ठोकळे बसवले. बटण आहे तसंच चालतं. कुणी दाबलं तर दिवा लागतो, दाबलं तर विझतो, जिन्याच्या टू-वे वायरिंगसारखं. वरून मोबाईलने किंवा वेळेने चालवायचं तर तेही चालतं. जुन्या घरांत एक अडचण येते. काही बोर्डांत न्यूट्रल आणलेलाच नसतो, फक्त फेज येऊन दिव्याकडे जातो. ठोकळ्याला जगायला थोडी वीज लागते, ती न्यूट्रलशिवाय मिळत नाही. न्यूट्रल नको म्हणणारे ठोकळे मिळतात, पण ते दिव्यातूनच चोरून करंट घेतात आणि मग बंद केलेला एलईडी अंधारात मंद धुगधुगत राहतो. आमच्या न्हाणीघराचा असाच धुगधुगत होता. मी सरळ नवीन न्यूट्रल ओढला. आणि वाचकांना कळकळीने सांगतो, २३० व्होल्टचं हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. घरात विजेची गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा, बाकीचं मागून. पाच व्होल्टवरचे प्रयोग कितीही करा, त्यात जळाला तर बोर्ड जळतो.

एक बारीक खोच नवशिक्यांना फार छळते, म्हणून सांगतो. ईएसपी८२६६ च्या काही पिना वीज आल्या आल्या क्षणभर स्वतःच्या मनाने वर-खाली होतात. त्यांच्यावर रिले जोडली तर लाईट परत आली की रिले टकटक करते, म्हणजे मोटारीला उगाच झटका. बोर्डावर डी१ आणि डी२ असं लिहिलेल्या पिना शहाण्यासारख्या गप्प राहतात. मोटार त्यांच्यावरच.

आता हे सगळे तुकडे एकत्र बांधणारी गोष्ट. पॉलस स्काउटसन या तरुणाने २०१३ मध्ये होम असिस्टंट नावाचा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला केला. सूर्य मावळला आणि घरात माणूस असेल तर दिवे लागावेत, एवढीच त्याची सुरुवातीची इच्छा होती. आज जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. २०२४ पासून हे काम ओपन होम फाउंडेशन या स्वित्झर्लंडमधल्या ना-नफा संस्थेकडे आहे. तो फुकट आहे आणि तुमच्याच घरातल्या संगणकावर चालतो. मी मुलीचा जुना लॅपटॉप वापरला. त्याची बॅटरी अजून तासभर टिकते, त्यामुळे लाईट गेली तरी बिघडत नाही.

त्यातले निरोप एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीने फिरतात. ती १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी बनवली. वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायचं होतं, निरोप उपग्रहावरून जायचे आणि प्रत्येक अक्षराला पैसे पडायचे, म्हणून पद्धत अगदी काटकसरी. मध्ये एक ‘ब्रोकर’ असतो. आमच्या सांगलीच्या बाजारात हळद घेऊन आलेला शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या असतो, तसा. गच्चीवरचा सेन्सर ब्रोकरला सांगतो, ‘टाकी, ६२ टक्के.’ ज्याला टाकीची खबर हवी त्याने ब्रोकरकडे नाव नोंदवून ठेवायचं. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची माहिती असावी लागत नाही.

यातली एक सोय मला फार आवडते. प्रत्येक बोर्ड जोडला जाताना ब्रोकरकडे आपलं मृत्युपत्र ठेवतो. त्याला इंग्रजीतही तेच नाव आहे. ‘माझा संपर्क अचानक तुटला तर सगळ्यांना हे सांग.’ माझ्या मोटारीच्या बोर्डाचं मृत्युपत्र एका ओळीचं आहे, ‘मोटारीकडे कुणीतरी बघा.’ एकदा उंदराने वायर कुरतडली तेव्हा ते खरोखर वाचलं गेलं. स्वयंपाकघरात बझर वाजला आणि बायकोने जाऊन एमसीबी पाडला.

फाटकाला आणि मागच्या दाराला मी झिगबी या बिनतारी पद्धतीचे सेन्सर लावलेत. बटणाएवढ्या सेलवर ते वर्षभर सहज जातात, वाय-फायचा सेन्सर असा कधी टिकायचा नाही. त्यांचा रिसीव्हर लॅपटॉपला थेट खोचू नका, मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून लांब ठेवा. यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट नेमका त्याच लहरींत मिसळतो आणि सेन्सर हरवल्यासारखे होतात.

आईच्या खोलीचं काम सगळ्यात शेवटी केलं आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती ७९ वर्षांची आहे. रात्री दोनदा उठते. खोली ते न्हाणीघर अकरा पावलांचा बोळ आहे आणि बटण बोळाच्या पलीकडच्या टोकाला. मी पीआयआर सेन्सर लावला, पांढरा घुमट असतो तो. माणसाच्या अंगाची ऊब हललेली त्याला कळते. हिवाळ्यात छान चाललं. एप्रिल उजाडला आणि तो चुकू लागला. आमच्याकडे तेव्हा भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात, भिंतीची ऊब आणि अंगाची ऊब यांत फरकच उरत नाही, मग त्याला माणूस दिसणार कसा? उलट घुमटाशेजारून पाल गेली की दिवा लागायचा.

एका रात्री मला जाग आली तर बोळात अंधार होता आणि आई भिंत धरून उभी होती. चक्कर आल्यासारखं वाटलं म्हणून थांबली होती. ती हलत नव्हती, म्हणून सेन्सरच्या मते बोळात कुणी नव्हतं, आणि त्याने दिवा घालवला होता. मी हात धरून तिला खोलीत नेलं. ती म्हणाली, ‘काही नाही रे, जरा थांबले होते.’ सकाळी तो घुमट काढून टाकला.

त्याजागी २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार बसवला. तो हालचाल तर ओळखतोच, पण स्तब्ध उभ्या माणसाची श्वासाने हलणारी छातीही ओळखतो. उष्णतेशी त्याचा संबंध नाही. पंखा फिरत असलेल्या खोलीत तो फसतो, पण बोळात पंखा नाही. दिवा छताचा नको म्हणाली आई, डोळ्यांवर येतो. म्हणून गुडघ्याच्या खाली, भिंतीच्या कडेने, पिवळसर एलईडी पट्टी लावली आणि उजेड एक दशांशावर ठेवला. पावलापुरता दिसतो. बटण अजूनही तिथेच आहे आणि चालतं.

कॅमेरा लावायचा विचार मनात आला होता. आईला विचारलं. ‘मला कोण बघतंय असं नको,’ म्हणाली. विषय संपला. पण रडारही बघतोच की. ती कधी उठली, किती वेळ बाहेर होती, सगळं लॅपटॉपमध्ये उमटत होतं, कारण होम असिस्टंट आपण सांगितलं नाही तर दहा दिवसांची नोंद ठेवतो. एकदा तो आलेख उघडून मी तिच्या रात्रीच्या फेऱ्या मोजत बसलो होतो. मग वाटलं, हे तिने मला सांगितलेलं नाही. तिच्या खोलीची आणि बोळाची नोंद ठेवणं मी त्याच दिवशी बंद केलं. दिवा लागतो, विझतो, मागे काही उरत नाही.

टाकीच्या कामाला काँटॅक्टर, पेटी, वायर धरून मला साधारण अडीच हजार रुपये लागले. बोळाला हजारच्या आत. सुरुवात करणाऱ्याने एकदम अख्खं घर घेऊ नये. ज्याच्यावरून घरात रोज कुरबूर होते अशी एकच गोष्ट उचलावी. आमच्याकडे ते पाणी होतं, तुमच्याकडे गीझर असेल. ती एक गोष्ट दोन महिने नीट चालवावी आणि त्यानंतरच दुसरीला हात घालावा. सोल्डरचा चुकीचा डाग दिला तरी परत तापवून काढता येतो, घाई कसली?

स्वयंपाकघराच्या दाराशी मी तीन बारके दिवे लावलेत. हिरवा लागला तर टाकी भरलेली, पिवळा म्हणजे अर्धी, लाल म्हणजे तळाला. आईने मोबाईलवरचा आलेख कधी पाहिला नाही, हे दिवे मात्र ती येता-जाता बघते. आणि तिचा सकाळचा प्रश्न सुटलेला नाही. फक्त मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की त्यातला एक शब्द बदललाय. ती आता ‘मोटार बंद केलीस का रे?’ असं म्हणत नाही. ‘मोटार बंद झाली का रे?’ म्हणते.

परवा रविवारी तिने असंच विचारलं. हिरवा दिवा लागलेला होता, पडद्यावरच्या दोन्ही ओळी जुळत होत्या. मी म्हटलं, ‘झाली, पण बघून येतो.’ जुना पंचा घेऊन गच्चीवर गेलो. झाकण उचललं, सेन्सरवर जमलेले पाण्याचे थेंब पुसले आणि पाण्यात वाकून पाहिलं. काठाला चार बोटं कमी होतं.